हेल

बर्फ मी कारखान्यातूनच आणते,
माशांसाठी फोडलेल्या लादीचा एक कोपरा,
भुसा लागलेला, वास जात नाही असा.
डब्यात तो नीट बसवायचा,
मधोमध रक्तावरच्या पिवळट पाण्याच्या सोळा कुप्या,
झाकणाला चिकटपट्टी,
आणि सव्वासहाच्या एस्टीत वाहकाच्या पायाशी ठेवायचा.
"म्याडम, कोलंबी काय?"
"ताप," मी म्हणते.
तो पाय वर घेतो.

नारळी पुनव होऊन पंधरवडा झाला
तरी निम्म्या होड्या वाळूवरच.
तांडेल आडवा, तांडेलाची सून आडवी,
पाचवीच्या वर्गात चार पोरं आणि फळा.
उठून बसलेले सांगतात,
हाडांच्या आत कोणीतरी वल्हं मारतंय.

गावाचा अहवाल माझ्या आधी आला होता:
नेपाळी खलाश्यांनी आणला.
टेकराजला विहिरीवरून परत पाठवलं.
रखमा पावसे त्याला रोज कालवण द्यायची,
तिनं वाटी पालथी घातली.
तिची तेजल तेव्हा तापातच होती.

अकराव्या दिवशी पुण्याहून फोन.
पलीकडच्या बाई हळू बोलत होत्या,
मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं.
म्हणाल्या, चार भावंडं असतात याची, हा दुसरा.
सगळा वाचून काढलाय,
दहा हजार सातशे अक्षरं, मुळाक्षरं मात्र चारच.
बारा कोसांवर बोली बदलते ना तुमच्याकडे?
याचंही तसंच.
अंगाअंगातून जाताना एखादं अक्षर घसरतं,
आणि घसरलेलं तसंच पुढे चालू राहतं.
त्या चुकांवरूनच कळतं, पाहुणा कुठल्या गावचा.

मी विचारलं, मग हा कुठला?
कागद चाळल्याचा आवाज.
"तुमचाच."
तीन वर्षांपूर्वी मीच पाठवलेली एक कुपी,
त्याच बंदराची, त्याच वाडीची.
वीस-बावीस अक्षरांचा फरक.
हेल तोच.

म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता.
आम्ही फवारणी थांबवली, फलक उतरवला,
आणि तो इथेच कुणाच्या तरी अंगातून
कुणाच्या तरी अंगात
मुक्काम हलवत राहिला.

नमुना सत्तेचाळीस. तेजल पावसे, वय नऊ.
सहाव्या वर्षी तिला थोरला भाऊ भेटून गेला होता.
अंगानं ती ओळख जपून ठेवली,
आणि हा दुसरा आला तेव्हा
चेहरेपट्टीवर फसून
स्वतःच दार उघडलं.
अहवाल पोचला तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता.

रखमा वलांडीवर बोंबील उलटत होती.
मी भावंडं सांगितली, अक्षरं सांगितली,
दाराचं सांगितलं नाही.
तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं,
"म्हंजे त्या पोरानं नाय आणला?"
"नाय."
पुढचे दोन बोंबील तिनं
उलटलेलेच पुन्हा उलटले.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेले.
होड्यांच्या बगलेला लोंबणारे जुने टायर,
धक्का बसू नये म्हणून बांधलेले,
प्रत्येकाच्या पोटात पावसाचं ओंजळभर पाणी.
टेकराज चुलीत तापवलेली सळई घेऊन
एकेकाला खालून भोक पाडत होता.
कोणी सांगितलं रे? तो हसला नाही.
"पावसे वहिनी."
शेजारी स्टीलचा डबा, झाकण अर्धं उघडं.

रबराचा धूर डोळ्यांत जात होता.
काळं पाणी सिमेंटवर सांडलं
आणि त्यात शेपट्या आपटत
स्वल्पविरामांची एक अख्खी ओळ वळवळली.
उन्हात ती दोन मिनिटांत गप्प झाली असती.
सवयीनं मी खिशातून कुपी काढली,
पाच-सहा उचलले,
पेनानं नंबर घातला.
नंबराच्या पुढे गावाचं नाव लिहितात.

या वेळी ते लिहायला
मला जरा वेळ लागला.